विचारलं तेवढंच

तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत मी अकरा वर्षं काढली. निराधार अनुदान, श्रावणबाळ, इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना, सगळे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जात. तेवढ्या काळात मी कुणाकडून एक कप चहासुद्धा घेतला नाही. निरोप समारंभात साहेबांनी त्याचा उल्लेख केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी शाल-श्रीफळ घेऊन समाधानाने घरी आलो. पैशाच्या बाबतीत माझे हात आजही स्वच्छ आहेत. तरी गेली दोन वर्षं एक म्हातारी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती वाडीवरून यायची. आधार कार्डावर तिचं वय 61 लागलेलं. श्रावणबाळला 65 पूर्ण लागतात. मी कार्ड परत केलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझ्या थोरल्या लेकाला नातवंडं हायती सायेब, आन् म्या एकसष्टची?’ मी म्हणालो, ‘आजी, कागदावर आहे ते आहे.’ तिने विचारलं, ‘बसत न्हाई का मग?’ मी म्हणालो, ‘नाही बसत.’ अशी ती तीनदा आली. तिन्ही वेळा तिचा प्रश्न तोच, माझं उत्तर तेच. चौथ्यांदा ती आली नाही.

वयाच्या पुराव्याला आधार कार्ड हा एकच कागद नव्हता, हे मला पाठ होतं. शाळा सोडल्याचा दाखला चालतो, रेशन कार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, आणि यातलं काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने दिलेला वयाचा दाखला चालतो. ग्रामीण रुग्णालय आमच्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर होतं. ‘आजी, तिथे जा, डॉक्टरांकडून वयाचा दाखला आणा,’ एवढं एक वाक्य. ते मी बोललो नाही, कारण तिने ते विचारलं नव्हतं. बसतं की नाही, एवढंच तिने विचारलं.

त्यात द्वेष नव्हता, आळसही म्हणता येणार नाही. टेबलावर अर्ज साचलेले असायचे, समितीची बैठक लागायची, वरून आकडे मागितले जायचे. पण ही कारणं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो आहे की आता ती मलाच पटत नाहीत. खरं कारण वेगळं होतं. विचारलं तेवढंच सांगणं याला मी शिस्त समजत होतो. जादा सांगितलं की माणूस चिकटतो, दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन येतो, हे वरिष्ठांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं आणि मी ते इमानाने पाळलं. माझ्या टेबलापुढे येणाऱ्यांत बहुतेक जण असे होते, की काय विचारायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

रक्कम तरी किती होती? मी टेबलावर आलो तेव्हा 600 रुपये होते, 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 पासून 1,500. आमच्याकडे म्हातारी माणसं त्याला ‘पगार’ म्हणतात. ‘पगार आला का?’ असं बँकेच्या पायरीवर एकमेकींना विचारतात. वर्षाला 21,000 रुपयांच्या आत उत्पन्न हवं, म्हणजे महिन्याला 1,750. ही मर्यादा ठरवणं माझ्या हातात नव्हतं, तिच्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा राहिला म्हणून ज्यांचे पैसे थांबत, त्यांना निरोप धाडणं मात्र हातात होतं. तलाठ्याला एक फोन पुरला असता. काहींच्या बाबतीत मी तो केला. ओळखीच्या गावांसाठी केला. हे लिहिताना हात जड होतो.

मधली दोन वर्षं मी प्रांत कार्यालयात होतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे, त्याखालचं न्यायाधिकरण प्रांतांपुढे चालतं. एक गृहस्थ मुलाविरुद्ध अर्ज करायला आले आणि दारातच घुटमळले. वकिलाला किती पडतील, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘ते वकिलालाच विचारा.’ या कायद्यात वकील लागतच नाही. साध्या अर्जावर काम चालतं, नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ते जिना उतरून गेले. मी खिडकीतून पाहिलं होतं, म्हणून आठवतं.

हे सगळं उकरून काढायला मला कुणी लावलं नाही. आईच्या आजारपणाने ते वर आलं.

आई 84 वर्षांची. चार वर्षांपूर्वी ती पोळ्या उशीखाली ठेवायला लागली. मग वडील अजून शेतावरून आले नाहीत म्हणून संध्याकाळी दार उघडून बसायची. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आम्ही म्हणत राहिलो, वयाने होतंच. डॉक्टरांकडे बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला नेत होतो, पण हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून नव्हे, मलाच ऐकायचं नव्हतं म्हणून. अखेर मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा दीड वर्ष वाया गेलं होतं. स्मृतिभ्रंश बरा होत नाही, पण रात्रीचं फिरणं, भीती, चिडणं यांवर उपाय असतात, घरच्यांना वागण्याची रीत शिकवता येते. ते दीड वर्ष आईने भीतीत काढलं. आणि तिच्याबरोबर माझ्या पत्नीने.

सेवा कोण करत होतं, हे मला आजवर कुणी विचारलं असतं तर मी ‘आम्ही’ म्हणालो असतो. आंघोळ, कपडे, रात्री तीनदा उठणं, भरवणं, यातलं मी काय करत होतो? औषधं आणत होतो. कामाला बाई ठेवू या, असं पत्नी दोनदा म्हणाली. मी म्हणालो, आईला परकं माणूस चालणार नाही. आईला मी विचारलं नव्हतं. ‘आईला बाईच्या हवाली केलं’ असं गावात कुणी म्हणेल, याची मला भीती होती. ती भीती मी आईच्या नावावर घातली.

मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा पत्नी महिनाभर गेली. चौथ्या दिवशी पहाटे, आईचे कपडे बदलता बदलता ती घाबरून मला मारायला लागली, तिने मला ओळखलं नव्हतं. त्या दिवशी उजाडल्यावर मी 14567 ला फोन लावला. ज्येष्ठांसाठीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तिचा फलक आमच्या शाखेच्या भिंतीवर लागला होता, तो मी माझ्या हाताने चिकटवला होता. स्वतःसाठी तो वाचला मात्र त्या सकाळी. मी फक्त वृद्धाश्रमाची चौकशी केली. पलीकडच्या मुलीने माहिती दिली, आणि मग मी न विचारता तिने विचारलं, ‘काका, रात्री त्यांच्याजवळ कोण असतं? आणि तुम्ही जेवलात का?’ मला बोलता आलं नाही. तिने फोन ठेवला नाही, थांबली.

त्या महिन्यात मी टेबलाच्या या बाजूने बरंच पाहिलं. अंगठा देण्यासाठी आईला रिक्षातून बँकेत नेलं, दोघांनी धरून पायऱ्या चढवल्या. सत्तरीपुढच्या खातेदारांना पैसे देणं-घेणं, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरी द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलं आहे, हे मला नंतर कळलं. काउंटरवरच्या तरुणाने मी विचारलं तेवढंच सांगितलं. त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. त्याच्या जागी मीच बसलेला मला दिसत होतो.

सत्तरीवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. आईचं काढलं. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतं. घरी दिवसभर माणूस लागतं, त्याचा खर्च त्यात नाही. आमच्या घरात आईला चार वर्षांत एकदाही दाखल करावं लागलं नाही, आणि पत्नीची पाठ कायमची दुखरी झाली. म्हाताऱ्या माणसाचं बहुतेक जगणं घरातच जातं आणि ते कुणा ना कुणा बाईच्या अंगावर पडतं. या कामाचा अर्ज नसतो, त्याला टेबल नसतं. म्हणून मला ते काम वाटलंच नव्हतं.

आता दुपारपर्यंत एक मावशी येतात. आईला त्या चालतात. पहिल्याच दिवशी चालल्या.

त्या वाडीवर मी मागच्या पावसाळ्यात जाऊन आलो. म्हातारीचं नाव मला आठवत नव्हतं, अर्जाची नोंदच केली नव्हती, मग काय सांगून विचारणार? लेकाला नातवंडं असलेली, आधारवर वय कमी लागलेली आजी, असं दोन घरांत विचारलं. अशा तिघी निघाल्या. तिघींपैकी एकच आता आहे, आणि ती माझ्याकडे तीनदा आलेली नव्हे. तिचा दाखला आणि अर्ज मी केला. हे मी माझ्या बाजूने मांडत नाही, तसं घडलं म्हणून लिहितो.

पत्नी मुलीकडून परतल्यावर बऱ्याच दिवसांनी मी तिला विचारलं, तुला काय हवं आहे? ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अहो, मंगळवारी बाजारात मी जात जाईन. एकटी.’

पहिल्या मंगळवारी ती नऊला निघाली आणि पावणेदोनला आली. पिशवीत फक्त एक मेथीची जुडी होती. आईला भरवून झालं होतं, तोंड पुसताना तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मी तो तसाच राहू दिला.