वाट्यापाशी थोडं थांबू या

थोडं बसू या.

पाठ सैल सोडा. हात मांडीवर ठेवा. श्वास आत येतो आहे, येऊ द्या. बाहेर जातो आहे, जाऊ द्या.

आखाडातला रविवार आहे. धायरीत बारीक पाऊस पडतो आहे. सिंहगड ढगात आहे. धारेश्वराच्या टेकडीवर गवत ओलं, हिरवंगार.

फाट्यावरून गावात येणारा रस्ता अजून रिकामा आहे. दोन्ही बाजूंना इमारती. मधेच एखादा जुना मळा, पत्र्याची शेड, ओल्या पाल्याचा आणि लेंड्यांचा वास. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीचा उरलेला भागही पुणे महापालिकेत गेला. हा वास मात्र अजून गावाचाच आहे.

तो वास घ्या. सावकाश.

आता शेडमध्ये उभ्या असलेल्या बोकडाकडे पाहू या.

उस्मानाबादी जात. काळाभोर. कान लांब, खाली पडलेले. जबडा हलतो आहे, रवंथ चालू आहे.

पाच महिने हा आईच्या पोटात होता. मग दूध. मग शेवरीचा पाला, सुबाभूळ, मेथीघास, तुरीचं भुसकट. कुणीतरी रोज त्याच्यापुढे पाला टाकला. रोज पाणी ठेवलं. पावसात शेड कोरडी राखली.

रोज. या रोजपाशी जरा थांबा.

त्याचे डोळे आपल्याकडे वळतात. आपणही पाहू या. नजर काढून घेऊ नका.

काही ठरवायचं नाही. बरं-वाईट म्हणायचं नाही. आपल्या ताटात जे येणार आहे, ते आधी नीट पाहायचं आहे, एवढंच.

एक श्वास.

दहा घरांनी मिळून हा बोकड घेतला आहे. काट्यावर जिवंत वजन भरतं ३० किलो. त्यातून मटण हाती येतं निम्म्याहून थोडं कमी, चौदा किलोच्या आसपास. दुकानातून किलोभर आणताना हा हिशोब डोळ्यांपुढे येत नाही. इथे येतो.

खाटीकदादा आले आहेत. त्यांचं काम सुरू होतं. सगळ्यांचं बोलणं आपोआप थांबतं.

आपणही गप्प राहू या.

पत्र्यावर पाऊस वाजतो आहे. तो ऐका.

आणखी थोडा वेळ ऐका.

आता वाटे लागत आहेत.

हेच आज आपलं पाहायचं ठिकाण. इथेच बसायचं आहे. घाई नाही.

जमिनीवर स्वच्छ कागद अंथरला आहे. त्यावर केळीची पानं, धुतलेली. दहा पानं, दहा वाटे.

दादांचा हात पाहा. मांडीचे तुकडे आधी पडतात, प्रत्येक पानावर सारखे. मग चापा. मग सीना. मग मान. मग नळी, एकेक मोजून. एका वाट्यात हाड जास्त दिसलं की हात मागे येतो, एक तुकडा उचलतो, दुसरीकडे ठेवतो. कुणी सांगावं लागत नाही.

थांबा. आता कलेजी.

कलेजी एकच आहे. तिचे दहा तुकडे होतात.

गुर्दे दोनच आहेत. त्यांचेही दहा तुकडे होतात. बोटाच्या पेराएवढे.

त्या पेराएवढ्या तुकड्याकडे पाहा. तो इतका लहान आहे की त्यानं कुणाचं पोट भरणार नाही. तरी तो कापला जातो. तरी तो प्रत्येक पानावर ठेवला जातो.

इथे श्वास घ्या. पुन्हा एकदा पाहा.

एका घरचं पोर पाठमोरं उभं आहे. दादा एका वाट्यावर बोट ठेवतात. "हा कुणाचा?"

पोर न बघता सांगतं. "तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा."

"हा?"

"वॉचमनकाकांचा."

"आणि हा?"

"आमचा."

कुणी वाकून बघत नाही. कुणी पान बदलून मागत नाही.

एक घर मात्र यात नाही. त्यांच्याकडे बोल्हाईला मानतात. याच हवेली तालुक्यातली वाडेबोल्हाईची देवी. त्यांना बोकड चालत नाही, मेंढीचं चालतं. ते आपलं बोल्हाईचं मटण वेगळं आणतात. रस्सा दोन्हीकडे उकळणार आहे. तो फरकही असू द्या. त्याच्याशेजारी शांत बसा.

आणि जे वाट्यात बसत नाही, ते?

मुंडी कुणीतरी मागून घेतं. चारही पाये एका घरी जातात, तिथे आजोबांचे गुडघे दुखतात. वजडी साफ करायला वेळ लागतो. चुना लावायचा, गरम पाणी, मग पुन्हा पाणी, मग पुन्हा. ज्या मावशींना ते जमतं, त्या ती मुकाट पिशवीत घालतात.

पत्र्याखालचा कागद आता रिकामा आहे. जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

हे रिकामेपण पाहा.

असं मिळून घेतल्यानं पैसे वाचतात, हे खरं आहे. महिन्याचा खर्च जिला चालवायचा असतो, तिला ते सगळ्यांत आधी कळतं. ती मनात किलो मोजते, माणसं मोजते, दिवस मोजते. तिच्या त्या मोजण्यापाशीही थोडं बसू या. त्यात घरातलं प्रत्येक तोंड आहे.

आता तिच्या स्वयंपाकघरात जाऊ या.

वाट्याचे भाग होत आहेत. कलेजी आजच, आत्ताच, तव्यावर. ती थांबत नाही. चांगले तुकडे सुक्यासाठी बाजूला. हाडं आणि नळ्या रश्शाला. जे पुढे लागणार, ते छोट्या पिशव्यांत चपटं करून, वर तारीख लिहून, उणे १८ अंशांच्या थंडीत. एका पिशवीत एका वेळेचंच. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वाटीत ठेवायची. सकाळपर्यंत ती आपोआप मऊ होते.

थांबणं इथेही आहे. ते पाहून घ्या.

पातेलं चुलीवर येतं. चरबीचे तुकडे आधी पडतात. ते सावकाश विरघळतात, तेल फारसं लागतच नाही. मग कांदा. मग आलं-लसूण. हळद. मीठ. मटण.

वर झाकण. झाकणाच्या खोलगट ताटलीत पाणी.

त्या पाण्याकडे पाहा.

खाली मटण स्वतःच्याच रसात शिजतं आहे. वर पाणी हळूहळू कोमट होतं, गरम होतं, त्याला वाफ येते. मग तेच पाणी आत ओतायचं. गार पाणी घातलं तर शिजणं अडतं, हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर. आच मंद आहे. श्वासही मंद होऊ द्या.

मसाला पडण्याआधी एक वाटी बाजूला निघते. अळणी. फिकं पिवळं, वर तुपासारखे थेंब. ती बाळंतिणीची, नाहीतर आजारी माणसाची, नाहीतर अजून तिखट न खाणाऱ्या पोराची. घरात जो सगळ्यांत नाजूक आहे, त्याचं पान आधी वाढलं जातं.

तुमच्या घरात ती वाटी कुणाची? नाव मनात येऊ द्या. त्या नावाशी थोडा वेळ राहा.

आता भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, काळा मसाला. वाटण पडतं, रंग गडद होतो. गरम पाणी वाढतं. पातेलं भरत येतं. वाट्याला आलेल्या जेमतेम दीड किलोतला अर्धाच आज शिजतो आहे, आणि माणसं आठ आहेत.

रस्सा पुरतो. प्रत्येकाच्या ताटात दोन तुकडे, एखादी नळी, आणि हवा तितका रस्सा. भाकरी कुस्करायची. ती रस्सा पिऊन मऊ होते. बोटांनी घास करायचा.

पहिला घास तोंडात ठेवा. लगेच गिळू नका.

तिखट आहे. ऊन आहे. त्यात शेवरीचा पाला आहे. पहाटे उठून तो टाकणारा हात आहे. दादांच्या सुरीची धार आहे. आणि तो काळा, लांब कानांचा जीवही आहे, ज्याच्याकडे आपण नजर न काढता पाहिलं.

हे सगळं असू द्या. सावकाश चावा.

नळी हातात घ्या. ताटावर आपटा, ओढून घ्या. ताटात काही ठेवू नका. भाकरीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेनं फिरवा. त्या जिवाचं देणं एवढं तरी फेडता येतं.

आणखी काही दिवसांनी श्रावण लागेल. अनेक घरांत मटण बंद होईल, सत्तूर पुसून ठेवला जाईल. महिनाभराचं हे थांबणंही आपल्याकडच्या जेवणाचाच भाग आहे. ते आलं की त्याचंही स्वागत करा.

आणि पुन्हा जेव्हा मटण आणायचं मनात येईल, तेव्हा एकट्यानं दुकानात जाण्याआधी शेजारचं दार वाजवा. विचारा, "एक वाटा घेणार का?" खालच्या मजल्यावर विचारा. वॉचमनकाकांनाही विचारा. जमतील तेवढी घरं जमू द्या.

कलेजी एकच असेल. जितकी घरं, तितके तुकडे करा.