आपण काय घेऊन जातो?



पाऊस सरला की वाडीतल्या फुलांवर एक लहान माशी दिसते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, आणि हवेत एकाच जागी टांगल्यासारखी स्थिर. मुले गांधीलमाशी समजून पळतात. पण तिला नांगीच नसते. तिला सिरफिड माशी म्हणतात. ती मध आणि पराग खाते आणि जाता जाता एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला देते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या भाजीवरचा मावा फस्त करतात.

डासही माश्यांच्याच कुळातला. दोघांनाही दोनच पंख. डासही फुलांचा रस पितो. रक्त फक्त मादी पिते, तेही अंड्यांसाठी. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. हा ताप डासाचा स्वतःचा नसतो. तो एकाकडून घेतो, पोटात वाढवतो आणि दुसऱ्याला देतो.

दोघेही फिरतात, दोघेही काहीतरी वाहून नेतात. एकामुळे फळ धरते, दुसऱ्यामुळे घर अंथरुणाला खिळते.

भांडण मिटवायला कोणाच्या घरी गेलो की पुष्कळदा आढळते, ते दोघे समोरासमोर कधी भांडलेच नव्हते! मधल्या कोणीतरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी घातले. वाटेत ते वाढले. "फादर, मी फक्त सांगितले," असे तो म्हणतो. पण त्यामुळे भाऊ भावाच्या दारी मयतालाही जात नाही. ऐकलेले बोलून दाखवण्याचा मोह मलाही होतो, हे कबूल करतो.

पवित्र मरियाही डोंगराळ प्रदेशातून एलिझाबेथच्या घरी गेली. तिने उदरात प्रभूला नेले. तिचा शब्द कानी पडताच त्या घरात आनंद झाला. आपण कोणाच्या उंबरठ्यावर पाय ठेवतो तेव्हा त्या घरात काय होते?

या आठवड्यात पाण्याची पिंपे झाकताना, कुंडीखालचे साचलेले पाणी ओतताना मनात साचलेलेही ओतून टाकू या. आणि ज्या घराशी बोलणे तुटले आहे तिथे एक चांगला शब्द घेऊन जाऊ या. कदाचित दार लगेच उघडणार नाही. तरी जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू