सक्तीची प्रार्थना आणि श्रद्धेचा प्रश्न

केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकातही विद्यार्थ्याचा दिवस चॅपलमधल्या प्रार्थनेने सुरू होई. राहणे, जेवणे, शिकणे आणि उपासना हे सगळे एकाच आवारात चाले, आणि उपासना ऐच्छिक नव्हती. नावांची यादी व टाचणी घेतलेला माणूस बाकांमधून फिरे आणि हजर विद्यार्थ्याच्या नावापुढे भोक पाडी. रविवारी व सणाच्या दिवशी अंगावर पांढरा झगा घालावा लागे. आठवड्याच्या ठरलेल्या हजेऱ्या भरल्या नाहीत, तर डीनपुढे उभे राहावे लागे.

माणसाला प्रार्थनेच्या जागी आणून बसवता येते; पण असे बसवल्याने जे घडते, ते प्रार्थना ठरते का?

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. मन एकदम तयार होत नसते, ते वळणाने तयार होते, आणि वळण लागायला शिस्त हवी. घरातले मूल अर्थ कळण्याआधीच शुभंकरोति म्हणते. अर्थ मागाहून येतो. कॉलेज हे एक कुटुंब आहे, तेव्हा कुटुंबाची उपासना सर्वांनी मिळून करावी, असे या मताचे लोक मानत. शिवाय या कॉलेजांतले अनेक विद्यार्थी पुढे धर्मोपदेशकच होणार असत.

पण वळण लावणाऱ्याने स्वतः ते पाळले, तरच ते लागते. १८३८ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात हजेरीचे नियम कडक झाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी उलट फेलोंचीच, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ सदस्यांचीच, चॅपलमधली हजेरी टिपून तिच्या याद्या छापायला सुरुवात केली. ज्यांनी शिस्त लावायची, तेच गैरहजर असल्याचे त्यातून उघड झाले. त्या आवारात उपासनेचे रूपांतर हिशेबात झाले होते, आणि ते सक्तीनेच झाले होते.

हजेरीपेक्षा शपथेचा प्रश्न अधिक खोल होता. केंब्रिजची पदवी घेताना आपण इंग्लंडच्या चर्चचे आहोत, हे सहीनिशी मान्य करावे लागे. पहाटे उठणे माणसाच्या हाती असते, विश्वास ठेवणे नसते. एखादी गोष्ट खरी वाटत नसताना केवळ ठरवून ती खरी मानता येत नाही. त्यामुळे अशी सही मागणारी संस्था श्रद्धा निर्माण करत नाही. ती प्रामाणिक माणसाला बाहेर ठेवते आणि बेफिकीर माणसाला आत घेते.

सेंट जॉन्स कॉलेजचा विद्यार्थी जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला. तो ज्यू होता. त्याने सही केली नाही, त्यामुळे त्याला पदवी मिळाली नाही. १८५६ च्या कायद्याने बी.ए.साठीची ही अट गेली, तरी फेलोपदाची वाट बंदच राहिली. १८६९ मध्ये ट्रिनिटीचा न्यूमा हार्टोग, तोही ज्यू, सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला आला. एवढे यश मिळवूनही त्याला फेलो होता येईना. त्याच वर्षी त्याच कॉलेजातल्या हेन्री सिजविक या तत्त्वज्ञाने फेलोपदाचा राजीनामा दिला. चर्चच्या सिद्धान्तांवर आपला विश्वास उरलेला नसताना त्यांच्या आधारावर मिळालेले पद भोगणे त्याला अप्रामाणिक वाटले. या सगळ्या वादात सर्वांत धार्मिक कृती जर कोणती असेल, तर ती हीच: श्रद्धा गमावलेल्या माणसाने सत्याखातर स्वतःचे पद सोडले.

१८७१ च्या युनिव्हर्सिटीज टेस्ट्स ॲक्टने ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम येथील ही धर्मश्रद्धेची अट बहुतेक पदव्यांसाठी व पदांसाठी रद्द केली. धर्मशास्त्राच्या पदव्या मात्र वगळल्या. चॅपलमधली रोजची प्रार्थनाही कायद्याने मोडली नाही, ती चालू राहिली. राज्यसंस्थेने उपासना काढून टाकली नाही, केवळ तिला प्रवेशाची किंमत म्हणून वापरायला मनाई केली. हा फरक महत्त्वाचा आहे, आणि कायद्याचे शहाणपणही त्यातच आहे. दुसऱ्याच वर्षी, १८७२ मध्ये, पन्नाशी उलटलेल्या सिल्व्हेस्टरला केंब्रिजने पदवी दिली.

या बदलाचा लाभ महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सिल्व्हेस्टरच्याच सेंट जॉन्स कॉलेजात शिकले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लरचा मान त्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासोबत विभागून मिळवला आणि पुढे त्याच कॉलेजचे फेलो झाले. परांजपे कडवे बुद्धिवादी होते. जुना नियम टिकला असता, तर खोटी सही करणे किंवा फेलोपद सोडणे, एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे उरले असते.