देव शेवटी विचारतो

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७२



काल रविवार, जोतिबाचा वार. पहाटेच वाडी रत्नागिरीला डोंगरावर गेलो. दर्शन झालं, कपाळाला गुलाल लागला. उतरताना मात्र हाच श्लोक डोक्यात घोळत होता.

सगळा उपदेश सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला दोनच गोष्टी विचारतात. हे तू एकाग्र मनाने ऐकलंस ना? अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला का? गीतेतलं श्रीकृष्णांचं हे शेवटचं बोलणं. आता मागे दुसऱ्या अध्यायात जाऊन बघा. धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाशी ते बोलायला लागतात तेही प्रश्नानेच : ऐन वेळी हे तुझ्या मनात आलं कुठून?

जो सर्व जाणतो, त्याने विचारावं कशाला?

माझा व्यवसाय लोकांना मार्गदर्शन करण्याचा. हल्ली त्याला कोचिंग म्हणतात. गेल्या वर्षी एक तरुण यायचा. घरच्या यंत्रमागाच्या धंद्यात वडिलांशी पटत नव्हतं. मी त्याला विचारलं, "एकदा वडिलांशी स्पष्ट बोलून टाकायला काय हरकत आहे?" वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण तो प्रश्न नव्हताच. तो माझा सल्ला होता, प्रश्नाचे कपडे घातलेला. पोरगा सरळ. त्याच रात्री बोलला. बापलेकांचं जे वाजलं, ते दोन महिने दोघं एका ताटात जेवले नाहीत.

तो परत आला तेव्हा मला सल्ला द्यायचं तोंडच उरलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "त्या रात्री तुला त्यांना नेमकं काय सांगायचं होतं?" तो बराच वेळ गप्प बसला. मीही गप्प. मग म्हणाला, "माझं काम त्यांना दिसतं का, एवढंच विचारायचं होतं. पण बोललो भलतंच."

हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर त्यालाही ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गीतेत उपदेश काय थोडा आहे? आहे की. पण अर्जुन 'मी तुमचा शिष्य, मला शिकवा' असं म्हणेपर्यंत भगवंत ज्ञान सांगत नाहीत. रागावतात, पण सांगत नाहीत. आणि अठराव्यातच ६३ व्या श्लोकात म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. निर्णय अर्जुनाच्याच हातात ठेवतात.

मोह गेला की नाही, हे दुसरा कोणी परस्पर ठरवू शकत नाही. ज्याचा गेला त्यानेच सांगायचं. पुढच्याच श्लोकात अर्जुन सांगतो, मोह गेला, स्मृती परत आली. स्मृती! म्हणजे जे आपलंच होतं आणि विसरलं होतं, ते आठवलं. चांगला प्रश्न एवढंच करतो. तो नवं काही आत घालत नाही, झाकलेलं उघडतो.

म्हणून आता कोणाला काही विचारण्याआधी मी स्वतःला विचारतो : याचं उत्तर मी आधीच ठरवून ठेवलंय का? 'हो' आलं, तर तो प्रश्न गिळून टाकतो. नेहमी जमतं असं नाही. परवाच घरात मुलीला विचारलं, "हे असं का केलंस?" तिचं तोंड बघितलं आणि कळलं, आपण विचारलं नाही, आपण आरोप ठेवला.

आज एका माणसाला एक प्रश्न विचारून बघूया, ज्याचं उत्तर आपल्याला खरंच माहीत नाही. आणि मग गप्प बसूया.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!