पहारेकरी निजला असता

पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला ठोका देतो; डिफिब्रिलेटर जीवघेणी लय ओळखून विजेचा झटका देतो. पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आणि पहिला डिफिब्रिलेटर १९८० साली बाल्टिमोर येथे मानवी देहात बसविला गेला. तेव्हापासून असंख्य हृदयांवर हे पहारेकरी रात्रंदिवस जागत आहेत.

समजा, कुहीतील एका शेतकऱ्याच्या छातीत असा डिफिब्रिलेटर आहे आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी तो नागपूरला निघाला आहे. रक्तस्राव थांबविण्यासाठी सर्जन विजेवर चालणारी कॉटरी वापरतात. तिच्या विद्युत्-लहरी यंत्राला हृदयाची बिघडलेली लय भासू शकतात आणि अकारण झटका बसू शकतो. म्हणून झटक्याची योजना तेवढ्यापुरती बंद करतात, किंवा बहुतेक यंत्रांच्या बाबतीत छातीवर चुंबक ठेवून ती थोपवितात.

भूल दिलेल्या, बोलू न शकणाऱ्या माणसाचा पहारेकरी बाजूला सारण्याचा अधिकार कोणाला? पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले होते की, डॉक्टरला रुग्णावर स्वतंत्र हक्क नाही. रुग्णाच्या संमतीतूनच तो लाभतो. संमती मिळाली की जबाबदारी संपली, असे मात्र आम्हांस वाटत नाही; खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते. जो दुसऱ्याचा पहारेकरी हटवितो, त्याने स्वतः पहाऱ्यावर उभे राहिले पाहिजे. हृदयाच्या आलेखावर अखंड नजर, हाताशी बाहेरून झटका देणारे यंत्र, आणि रुग्ण त्या देखरेखीतून बाहेर जाण्यापूर्वी बंद केलेली योजना पुन्हा सुरू करणे, हे त्या पहाऱ्याचे नियम होत. यातील शेवटचा नियम विसरला, तर रुग्ण निर्धास्त मनाने घरी परततो आणि छातीतील रक्षक मुकाच राहतो.

या पहाऱ्यात कुटुंबाचाही वाटा आहे. यंत्राचे कार्ड जपावे, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवावे आणि निघताना नम्रपणे विचारावे, “यंत्र पुन्हा सुरू केले ना?” मोठ्या डॉक्टरांना असे कसे विचारावे, या संकोचाने आपण गप्प बसतो. पण विचारणे हा अविश्वास नव्हे. गेथशेमाने बागेत शिष्यांचे प्रेम कमी नव्हते. त्यांना केवळ झोप आवरली नाही. प्रेमाला जागरणाची जोड हवी, एवढेच आम्हांस सुचवायचे आहे.