मधला भाग सर्वांत शेवटी

स्वस्थ बसा. घाई नको, आज जे पाहायचे आहे ते घाईत दिसतच नाही.

वितळलेल्या पॉलिस्टायरीनच्या आत मन न्या. एकच रेणू-साखळी निवडा. हजारो दुवे, भोवती तशाच असंख्य साखळ्या. गाठ कुठेही नाही, पण एकीला दुसरीच्या आरपार जाता येत नाही. साधारण दीडशे दुव्यांमागे कुणीतरी आडवे येतेच. आडवी वाट बंद. मोकळी आहे ती फक्त शेजारणींमधून गेलेली अरुंद नळी. सॅम एडवर्ड्स यांनी 1967 मध्ये ही नळी कल्पिली. साखळी तिच्यातून सापासारखी सरपटते, हे 1971 मध्ये पिएर-जिल द जेन यांनी मांडले.

आता हा रस एका झटक्यात ताणा आणि तसाच धरून ठेवा. नुसते पाहा.

आधी साखळी नळीच्या आतच आखडते आणि आपली मूळ लांबी परत मिळवते. हे लवकर होते. ताण उतरल्यासारखा वाटतो, पण पुरता उतरलेला नसतो, कारण नळी अजून ताणाच्या दिशेलाच झुकलेली आहे. ती दिशा पुसायची तर साखळीला नळी सोडूनच जावे लागते. टोक बाहेर डोकावते, वाटेल तिकडे वळते; मागचा भाग हळूहळू त्याच्यामागे येतो. विसरणे टोकांपासून सुरू होते. मधल्या भागाची पाळी सर्वांत शेवटी येते.

ती येण्याआधीच रस थंड झाला तर? सुमारे 100 अंश सेल्सियसच्या खाली हे सरपटणे थांबल्यातच जमा. तापलेली शीट साच्यात ओढून केलेला कप पुन्हा तापवला, की आखडत जवळजवळ सपाट चकती होतो.

साखळी दुप्पट लांब करा. आखडायला चौपट वेळ, सरपटून बाहेर पडायला आठपट. म्हणजे रसाचा दाटपणाही आठपट वाढायला हवा. प्रयोगात तो दहापटीच्या आसपास वाढतो. मला हा फरक मूळ हिशेबाहून अधिक मोलाचा वाटतो. साखळीची टोके नळीत सतत आत-बाहेर करतात, त्यामुळे वाट थोडी आखूड होते, आणि याचा फायदा आखूड साखळ्यांना जास्त मिळतो. शिवाय नळीच्या भिंती तरी कशाच्या? त्याही साखळ्याच, आणि त्याही सरपटत असतात.

आता तोच रस पुन्हा ताणा. या वेळी इतक्या सावकाश, की मधल्या भागालाही सवड मिळेल.