तीन घोडे आणि आपल्या दारातील गाडी

वाहन ही अल्लाहची देणगी आहे, ही गोष्ट कुरआनने स्पष्टपणे सांगितली आहे. सूरह अन्-नहलच्या प्रारंभी अल्लाहने आपल्या उपकारांची गणना केली आहे. जेथे माणूस जिवाचे हाल केल्याशिवाय पोहोचू शकला नसता, अशा दूरच्या प्रदेशी जनावरे त्याची ओझी वाहून नेतात, याची तेथे आठवण करून दिली आहे. त्यानंतर घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख करून त्यांचे दोन हेतू सांगितले आहेत: ती स्वारीसाठी आहेत आणि शोभेसाठीही आहेत (१६:८). ज्या गोष्टी मानवाला ठाऊक नाहीत त्याही अल्लाह निर्माण करतो, असे या आयतीच्या शेवटी म्हटले आहे. त्यात पुढील काळातील वाहनांचाही अंतर्भाव होतो, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे.

या आयतीत शोभेचाही उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इस्लाम सौंदर्याचा वैरी नाही. सुंदर वस्तू बाळगणारा प्रत्येक जण गर्विष्ठ असतो, असेही तो मानत नाही. म्हणूनच आज मुस्लिम तरुणांत आणि कुटुंबांत वाढलेल्या एका आवडीचा विचार केवळ निषेधाच्या सुरात करता येणार नाही. ती आवड म्हणजे डोंगर, चिखल आणि वाळू यांसाठी बनविलेली दणकट गाडी रोजच्या वापरासाठी घेणे. महिंद्रा थार, फोर्स गुरखा, मारुती जिम्नी ही नावे आता घराघरांत परिचित आहेत. प्रश्न असा आहे की, जी क्षमता आपण क्वचितच किंवा कधीच वापरणार नाही, तिच्यासाठी पैसा खर्च करणे योग्य आहे काय?

आधी या गाडीचे स्वरूप पाहू. या जातीच्या गाड्यांचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेल्या जीपची ही वंशपरंपरा आहे. मजबूत लोखंडी सांगाड्यावर वेगळी बसविलेली बॉडी, जमिनीपासून अधिक उंची, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा आणि चढावर चाके अतिशय हळू पण जोराने फिरविणारा वेगळा गिअर ही तिची वैशिष्ट्ये होत. २०२० साली आलेल्या थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे निर्माते सांगतात. पाऊसकाळात कोकणातील एखाद्या वाडीची वाट चिखलात हरवते, तेव्हा या गोष्टींचे मोल कळते.

परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर हीच यंत्रणा बंद ठेवावी लागते. अशा बहुतेक गाड्यांत चारचाकी शक्ती जोडली की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी बांधले जातात. वळणावर मात्र पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर तो ताण यंत्रावर येतो. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले, तो गुण रोजच्या वाटेवर निद्रिस्तच राहतो. जानेवारी २०२३ मध्ये थारची केवळ मागच्या चाकांवर चालणारी, तुलनेने स्वस्त आवृत्तीही बाजारात आली. रूप तेच, पण चारचाकी शक्ती नाही. अशा आवृत्तीलाही ग्राहक मिळतात, यावरून एवढे दिसते की पुष्कळांना हवे असते ते गाडीचे रूप.

येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसकडे वळू या. ती सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, घोडे तीन प्रकारचे असतात. एका माणसासाठी घोडा पुण्याचे कारण ठरतो, दुसऱ्यासाठी आडोसा ठरतो आणि तिसऱ्यासाठी ओझे ठरतो. पहिला माणूस तो अल्लाहच्या मार्गासाठी राखतो. त्या घोड्याने चरलेले गवत आणि प्यालेले पाणीसुद्धा मालकाच्या खात्यात नेकी म्हणून लिहिले जाते. दुसरा इतरांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून तो बाळगतो आणि त्या घोड्यावरील अल्लाहचा हक्क विसरत नाही. तिसरा मात्र तो गर्वासाठी, दिखाव्यासाठी आणि वैरासाठी पाळतो.

या हदीसमध्ये घोड्याच्या जातीत, किमतीत किंवा वेगात काहीही फरक सांगितलेला नाही. फरक मालकात आहे. पुढे प्रेषितांना (स.) गाढवांविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी सूरह अज्-जिल्जालमधील त्या व्यापक आयतींकडे लक्ष वेधले, ज्यांत कणभर भलाई आणि कणभर बुराईही माणसाला दिसेल असे सांगितले आहे (९९:७-८). प्रत्येक वाहनासाठी वेगळा नियम उतरण्याची गरज नाही. हा एक नियम सर्वांना पुरेसा आहे. तो आपल्या दारातील गाडीलाही लागू होतो.

तेव्हा अशी गाडी आपल्यासाठी तीनपैकी कोणता घोडा आहे, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावयाचे आहे. आंब्याच्या बागेपर्यंत कच्चा रस्ता असलेला शेतकरी, घाटातल्या वस्त्यांवर जाणारा डॉक्टर, पावसात गावाशी संपर्क तुटणारे कुटुंब यांच्यासाठी ती आडोसा आहे. रात्री-अपरात्री शेजारची बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणाऱ्यासाठी ती पुण्यही ठरू शकते. सहीह मुस्लिममधील दुसऱ्या एका हदीसचा आशय असा आहे की, ज्याच्याजवळ जादा सवारी असेल त्याने ती सवारी नसलेल्याला द्यावी. जादा सवारीचा अर्थ दुसरी गाडी एवढाच घ्यावयाचे कारण नाही. जादा क्षमता हीसुद्धा एक अमानत आहे. जिला चिखल अडवीत नाही, त्या गाडीच्या मालकावर चिखलात अडकलेल्याचा हक्क अधिक आहे.

येथे कोणी म्हणेल की, नियत अंतःकरणात असते, ती कोण पाहणार? इतरांची नियत पाहण्याचा अधिकार आपल्याला नाहीच. पण स्वतःची नियत तपासण्याचे कर्तव्य मात्र आहे, आणि त्यासाठी काही साधे प्रश्न पुरेसे आहेत. ही गाडी कोणी पाहणारच नसते, तरी मी ती घेतली असती काय? “कधीतरी लागेल” असे मी म्हणतो, तो प्रसंग गेल्या पाच वर्षांत किती वेळा आला? तीन दरवाजांच्या उंच गाडीत मागच्या आसनावर वृद्ध आईला कसे चढता येईल, याचा विचार मी केला काय? सुखकर सवारी ही माणसाच्या सौभाग्याच्या गोष्टींपैकी एक आहे, असे हदीसमध्ये आले आहे. ते सुख केवळ चालकाचे नसून घरातील सर्वांचे असले पाहिजे. आणि ऐपत नसताना व्याजाच्या हप्त्यावर गाडी आणली जात असेल, तर प्रश्न आवडीचा राहत नाही. तो हलाल-हरामचा होतो. संपत्ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली, या दोन्हींचा जाब कियामतच्या दिवशी द्यावयाचा आहे.

नियत निर्मळ असली तरी एक गोष्ट उरते: इतरांची सुरक्षितता. चांगल्या नियतीने दुसऱ्याची इजा भरून निघत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेविषयी काम करणाऱ्या विमा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८ हजार पादचारी अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक होती, त्यांच्या धडकेत पादचारी मरण पावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंत उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. कारण उघड आहे. बुटके बॉनेट पायावर आदळते, उंच बॉनेट छातीवर आणि डोक्यावर. शिवाय उंच बॉनेटच्या अगदी पुढे उभे असलेले मूल चालकाला दिसतही नाही. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते. आपल्या मोहल्ल्यांतील गल्ल्या अरुंद असतात आणि मदरशातून सुटलेली मुले त्याच गल्ल्यांतून धावत असतात. रस्त्याचे हक्क सांगताना प्रेषितांनी (स.) कोणालाही त्रास न देणे हा त्यांतील एक हक्क सांगितला आहे. वाहन जितके उंच आणि जड, तितका हा हक्क चालकावर अधिक भारी होतो.

सूरह लुकमानमध्ये लुकमान यांनी आपल्या मुलाला जमिनीवर ताठ्याने चालू नको, चाल मध्यम ठेव आणि आवाज खाली ठेव असा उपदेश केला आहे (३१:१८-१९). हा उपदेश पायी चालणाऱ्याला असेल, तर शेकडो अश्वशक्तीच्या यंत्रावर स्वार झालेल्याला तो किती अधिक लागू होतो! सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडणे, छोट्या गाडीच्या मागे लागून तिला बाजूला व्हायला भाग पाडणे, लग्नाच्या वरातीत छतावर मुले बसविणे, या गोष्टींचे गाडीच्या आवडीशी काही नाते नाही. प्रेषितांनी (स.) गर्वाची व्याख्या केली, ती सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे अशी. चांगली वस्तू आवडणे त्यांनी गर्वात मोजले नाही. उंच आसनावर बसून खालचा दुचाकीस्वार क्षुद्र वाटू लागला, तर मात्र ती व्याख्या आपल्याला लागू झाली, असे समजावे.

म्हणून अशी गाडी घेण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून मशवरा करावा. गरज कोणती, पैसा कोठला, हक्क कोणाकोणाचे, हे मोकळेपणाने बोलावे. मुलाला नकार द्यावयाचा असेल तर कारण सांगून द्यावा, आणि होकार द्यावयाचा असेल तर जबाबदारी सांगून द्यावा. सवारीवर बसताना जी दुआ आपण म्हणतो, तिचा आशय सूरह अज्-जुख्रुफमध्ये आहे (४३:१३-१४): हे वाहन अल्लाहने आपल्या ताब्यात दिले, आपल्या बळावर आपण त्याला आवरू शकलो नसतो, आणि आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडे परत जावयाचे आहे. किल्ली फिरविताना या तीन गोष्टींचे स्मरण ज्याला असते, त्याच्या हातातील दणकट गाडीचे भय कोणालाही वाटत नाही.